दोरीवरच्या चिठ्ठ्या

जळगावला, पिंप्राळ्यातल्या त्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वाळलेले कपडे काढायला खाली अंगणात गेले, तर ह्यांचा बनियन आणि माझा परकर यांच्या मधोमध चिमट्याला एक चिठ्ठी लटकलेली. लहान मुलाच्या हातचं, ठसठशीत अक्षर: 'माणूस मेल्यावरही त्याची नखं वाढतात.'

मी अशी किंचाळले की समोरचा किराणावाला हातातलं माप टाकून रस्त्यावर आला. नवीन घर, नवीन गल्ली, आणि आपल्या दोरीवर मेलेल्या माणसाची नखं. कोणी करणीबिरणी केली की काय, हाच पहिला विचार. हायस्कूलला मराठी शिकवणारी बाई मी, पण अशा वेळी शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

घरमालक ओट्यावर बसून शांतपणे शेंगा सोलत होते.

"चिठ्ठीले हात लावू नका बाई," ते म्हणाले. "ती आजून ओली शे."

"ओली?"

"म्हणजे पक्की नही. खरी का खोटी ते ठरेल नही. ठरलं म्हणजे वाळली. मग मीच उतरवून घेतो."

मी तोंडाचा आ करून उभी राहिले. कपडे तसेच दोरीवर ठेवून वर गेले आणि ह्यांना म्हटलं, दुसरं घर बघा. ह्यांनी बघितलं नाही. पुढची काही वर्षं आमचे कपडे त्या चिठ्ठ्यांच्या संगतीत वाळले. आज आम्ही धुळ्याला असतो, गच्चीवर स्वतःची दोरी आहे, आणि खरं सांगायचं तर नुसते कपडे वाळत घातलेली दोरी मला अजून ओकीबोकी वाटते.

सगळी गल्ली घरमालकांना आबा म्हणायची. मूळचे सोनगीरकडचे, धुळ्याच्या पलीकडचे. हयात गेली बसस्टँडवर, माईकसमोर, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगण्यात. निवृत्त झाले तरी अंगात खाकी शर्टच. माईकवर शुद्ध मराठी आणि घरात अहिराणी अशी त्यांची वाटणी होती. ती वाटणी ओट्यावर येईपर्यंत पार मोडायची, आणि एकाच वाक्यात दोन्ही भाषा शेजारी बसायच्या. आवाज मात्र स्टँडवरचाच. रोज संध्याकाळी पाचला ते ओट्यावर उभे राहत आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं!" की जिकडून तिकडून पोरं धावत सुटत. एकालाही चपला घालायचं सुचत नसे.

या माणसाला लहान मुलांनी गोष्टींची पुस्तकं वाचलेली चालत नसत. राक्षस नको, परी नको, बोलणारा कोल्हा तर मुळीच नको. 'खरी पुस्तकं' वाचायची. पक्ष्यांची, सापांची, शरीराची, विहिरीच्या पाण्याची, चंद्राची, यंत्रांची. ती सगळी पुस्तकं एका निळ्या लोखंडी पेटीत ठेवलेली असत. पेटीच्या झाकणावर रंगवलेली फुलं होती. बाईमाणूस लग्नात माहेराहून आणते तशी ती पेटी.

हे मला घर बघायला गेलो त्या दिवशीच कळायला हवं होतं. भाडं, पाणी, विजेचं मीटर यांतलं काही बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या मुलीला पुढ्यात उभं केलं. मनवा तेव्हा नुकतीच दुसरीत गेली होती.

"वाचता येतं का?"

"हो. मला परीची गोष्ट पाठ आहे."

"परी राहते कोठे?"

"आकाशात."

"कशावरून?"

मनवाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या सात वर्षांच्या आयुष्यात तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "पुस्तकात आहे," ती म्हणाली.

"लिहिणाऱ्यानं पाह्यली का?"

तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्याशा लेकराची परी काढून घेणारा हा कसला माणूस? मी पर्स उचललीही होती. तेवढ्यात आबा आत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. त्यातलं एक पान त्यांनी मनवाला ओझरतं दाखवलं आणि लगेच मिटलं. पानावर वटवाघूळ होतं.

"हे बी आकाशात उडतं. झोपतं उलटं. आन् आपल्या कोपऱ्यावरच्या पिंपळावर शे, सांजले दाखवतो. पण पुस्तक तुले देणार नही. हे लहान पोरांचं नही. यात बठ्ठं, सगळं खरं शे."

रडायचं विसरून मनवा त्या मिटलेल्या पुस्तकाकडे बघत राहिली. घरी जाताना रिक्षात तिने एकच धोशा लावला: ते पुस्तक आबा कधी देतील? परीचं नावसुद्धा काढलं नाही. मला तेव्हा धक्का बसला होता, तो अजून पुरता उतरलेला नाही.

त्यांची तऱ्हाच ती होती. 'वाच' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते पुस्तक ओट्यावर उघडं टाकत, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर एक दगड ठेवत आणि पाणी प्यायला म्हणून आत निघून जात. दगड नेमका पानाच्या अर्ध्या भागावर असे. मग पोरं तो दगड सरकवणार नाहीत तर काय करतील? किंवा एखादं चित्र बघून ते मान हलवत, "मले नही पटत. साप जिभेनं वास घेतो म्हणे. काहीही छापतात." लगेच चार डोकी त्या पानावर तुटून पडत, आबांना खोटं पाडायला. आबा हरले की पोरं नाचत. रोज हरण्यासाठी एवढी मेहनत घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि त्यांचा तो खेळ. एक मूल पुस्तकातलं किंवा कुठे ऐकलेलं एक वाक्य मोठ्याने सांगणार. बाकीचे एकसुरात ओरडणार, "कशावरून?" मग सांगणाऱ्याने एकतर छापील पान दाखवायचं, नाहीतर ती वस्तूच आणून दाखवायची. दाखवता आलं नाही की वाक्य चिठ्ठीवर लिहून दोरीवर टांगायचं. खरं निघालं तर ते आतल्या भिंतीवर चिकटवायचं, खोटं निघालं तर सकाळी बंबात घालायचं. मेलेल्या माणसाची नखं बंबात गेली. 'कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल येतो' हीसुद्धा गेली, पण तिच्यासाठी एका पोराने बी गिळून आठवडाभर वाट बघितली होती.

एकदा एक मुलगा म्हणाला, "आबांनीच सांगितलं, म्हणून खरं." आबा ताडकन उठले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी काय पुस्तक शे? मी बी खोटं बोलू शकतो. माणसाच्या तोंडाकडे पाहून चालायचं नही. छापेल दाखव, नहीतर वस्तू दाखव!"

पोरगं बिचारं गांगरलं. मलाही वाटलं, एवढं काय झालं? ते मला खूप नंतर कळलं.

मी त्यांच्याशी भांडले नाही असं नाही. मराठीची शिक्षिका मी. गोष्ट म्हणजे माझं दुकानच म्हणा ना. म्हटलं, "आबा, मुलांना कल्पना नको का? स्वप्नं नकोत?"

"स्वप्नं त्याह्यले झोपेत फुकट मिळतात बाई," ते म्हणाले. "जागेपणी काय देता तेवढं सांगा."

मी तोंड फिरवून जिना चढले.

त्यानंतर घरात धक्क्यांवर धक्के सुरू झाले. सासूबाई गावाहून आल्या, जेवायला बसल्या, आणि मनवाने त्यांना पहिल्या घासापासून शेवटापर्यंत तो घास कुठून कुठे जाणार ते सविस्तर सांगितलं. शेवटापर्यंत म्हणजे अगदी शेवटापर्यंत. सासूबाई हात धुऊन उठल्या. ह्यांनी मोबाईलवर आलेला एक निरोप मोठ्याने वाचला, अमुक पाला खाल्ला की साखर कायमची जाते, तर आमचं कार्टं म्हणे, "पप्पा, चिठ्ठी लिहू का?" आणि खरंच दुसऱ्या दिवशी ह्यांचा पाला दोरीवर!

पण खरा कळस झाला तो एका रविवारी. खालून पोरांचा गलका ऐकून मी डोकावले. ओट्यावर पोरं गोल करून उकिडवी बसलेली, मध्ये स्टीलचं ताट आणि ताटात बोकडाचं हृदय. लालभडक, ओलं. जोया, आमच्या गल्लीत कूलर बनवणाऱ्या मिस्त्रींची मुलगी, शिवणाच्या कात्रीने ते मधोमध उघडत होती. तिच्या मामाचं मटणाचं दुकान, त्यामुळे वस्तू आणायचा मान तिचा. मनवा पुस्तक धरून वाचत होती, "हृदयाला चार कप्पे असतात." आणि जोया बोट घालून मोजत होती.

आमचं घर माळकरी. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून मी म्हटलं, "आबा... हे... हे काय?"

"चार कप्पे शेत बाई!" आबा आनंदाने ओरडले. "पुस्तक खरं बोलतं! या, पहा!"

तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. ताट माझं होतं. काठावर माझ्या माहेरचं नाव कोरलेलं.

ते ताट मी परत घेतलं नाही. मात्र त्या रात्री मनवाने माझ्या छातीला कान लावला आणि "उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं" असं पुटपुटत झोपून गेली. कुठल्याही परीने माझ्या लेकीला माझ्या इतक्या जवळ आणलं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागलं.

पहूरच्या एका केळीवाल्या कुटुंबातला मुलगा शिकायला म्हणून गल्लीत काकांकडे राहत होता. त्याने पुस्तकात वाचलं की केळीचं झाड हे झाडच नव्हे, त्याला लाकूड नसतं. घरी जाऊन तसं आजोबांना सांगितलं. आजोबा तडक जळगावला आले, ओट्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बठ्ठी हयाती मी केळीत घातली. आन् मह्या नातवाले तुम्ही सांगता का ते झाड नाही?" आता मारामारी होणार म्हणून मी दार लावून घेतलं. खिडकीतून बघते तो आबा त्यांना हात जोडून म्हणताहेत, "मले बी पटत नही नाना. तुम्हीच दाखवा." पुढच्या वेळी नाना केळीचा अख्खा खांब घेऊन आले. पोरांनी तो एकेक पदर करून सोलला. सोलता सोलता ओटा भरला, हात चिकाने काळे झाले, पण लाकूड काही सापडेना. नाना आधी बघत उभे होते, मग स्वतःच खाली बसून सोलायला लागले. शेवटी हातात उरलेला पांढरा गाभा त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिला. जाताना एवढंच म्हणाले, "असं कधी पाह्यलंच नव्हतं." आणि नातवाला म्हणाले, "ते पुस्तक सुट्टीत घरी आण."

असा हा माणूस. आणि या माणसाच्या घरात बायको नव्हती.

म्हणजे होती, पण घरात नव्हती. आम्ही राहायला गेलो तेव्हा मी विचारलं होतं, "घरात कोणी बाईमाणूस?" आबा म्हणाले, "शे ना. आखाजीले माहेरी गयी शे, सोनगीरले. यी जाई लवकर." खान्देशात अक्षय्य तृतीयेला, आखाजीला म्हणजे, सासुरवाशिणी माहेरी जातात, पिकल्या केसांच्या बायकाही जातात. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग पावसाळा आला, दिवाळी झाली, पुन्हा आखाजी येऊन गेली. कोणी विचारलं की आबा तेच सांगत. अक्का आखाजीला गेल्यात, येतील लवकर. गल्लीतल्या बाया मान डोलावत, मीही डोलावत असे. मोठी माणसं असल्या गोष्टींत खोदून विचारत नाहीत. आपल्याकडे त्यालाच समजूतदारपणा म्हणतात.

पण आबांनी तयार केलेली पोरं समजूतदार नव्हती.

एका संध्याकाळी मी कपडे काढायला खाली आले. उशीचा अभ्रा ओढला आणि त्याच्यामागची चिठ्ठी दिसली. अक्षर माझ्या मुलीचं.

'अक्का आखाजीला सोनगीरला गेल्या आहेत. लवकर येतील.'

दोरी रस्त्यावरून सरळ दिसत असे. येणाराजाणारा वाचणार. मी चिमट्याला हात घातला आणि "मनवाऽऽ" म्हणून ओरडले, तर मागून आवाज आला, "हात लावू नका बाई."

आबा दारात उभे होते.

"आबा, पोर आहे हो. अक्कल नाही. मी आत्ता काढते. माफ करा."

"ती म्हनली, आबा, अक्का आखाजीले गेल्या त्याले मोप दिवस झाले, लवकर येतील हे कशावरून? मले दाखवता उनं नही." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज स्थिर होता. "दाखवता आलं नही तर दोरीवर. नियम मीच करेल शे."

चिठ्ठी राहिली. काही दिवस मी आमचे कपडे घरातच खुर्च्यांवर वाळवले. खाली जायचं धाडस होईना. मनवाला मी खूप रागावले, तर ती रडत रडत म्हणाली, "पण आई, तूच सांग, खरं काय आहे?" खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. मला ते कधी माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

नंतर एका संध्याकाळी पाचला नेहमीची हाक आली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं." पण आवाजात जोर नव्हता, म्हणून मीच आधी गॅलरीत धावले. पोरं जमली होती. आबा बसले नाहीत. हातात ती चिठ्ठी होती.

"अक्का सोनगीरला आहेत, हे खरं आहे," माईकवरच्या मराठीत ते म्हणाले. "आखाजीला गेल्या, हेही खरं. लवकर येतील, हे खोटं. मी सांगितलेलं खोटं."

भिंतीपलीकडून दोन बायांची डोकी वर आली होती, ती तशीच थिजली. आबा बोलत राहिले आणि बोलता बोलता माईकवरची मराठी सुटत गेली.

त्यांची सासू आजारी होती. आखाजीच्या आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन आला: माय अक्काची आठवण काढते, आजच पाठवा. सणाची गर्दी आबांनी जन्मभर पाहिलेली. ही उन्हातान्हात उभ्याने जाईल, त्यात सासू दरवर्षी असंच बोलावते, एका दिवसाने काय होतं? म्हणून त्यांनी अक्कांना सांगितलं, आज दुपारची धुळ्यावरून शिरपूरला जाणारी गाडी रद्द शे, उद्या जाजो.

"तिले वाचता येत नही," आबा म्हणाले. "स्टँडवरची पाटी बी वाचता येत नही. गाडीचं काय ते ती मले इचारे. दुसऱ्या कोणाले कधी इचारलंच नही. मी गाडीबद्दल खोटं बोलसू, हे तिले सपनात बी येणार नही. गाडी गेली. टायमावर गेली. तिचा भाऊ सोनगीर फाट्यावर उभा होता. गाडी आली, आन् ही उतरली नही." ते थांबले. "दुसऱ्या रोजी ती पोचली, तोवर माय गेली होती. तोंड बी पाहता आलं नही. ती तथीच राहिनी."

हा माणूस पोरांना तोंडाकडे बघू नका, पाटी बघा, पान बघा, वस्तू बघा म्हणून का कानीकपाळी ओरडत होता, ते तेव्हा लख्ख कळलं. जिला वाचता येत नव्हतं तिला त्यांच्या शब्दावर चालावं लागलं होतं. गल्लीतल्या एकाही पोरावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"ती आता येणार नही," आबा म्हणाले आणि खाली बसले.

आता कोणी बोलू नये. डोळे पुसावेत, घरी जावं. मोठ्यांची रीत तशी आहे. आणि त्या शांततेत जोयाचा बारीक आवाज आला.

"कशावरून?"

मी कपाळावर हात मारला. पोरी, गप्प बस गं! भिंतीपलीकडच्या बाईने तर तोंडात पदरच कोंबला.

आबांनी मान वर केली. "काय?"

"अक्का येणार नाहीत, हे कशावरून? तुम्ही विचारलं?"

हातातल्या चिठ्ठीकडे बघत ते म्हणाले, "मी इचारं नही."

"फोन पण नाही?" मनवाने विचारलं.

"फोन बी नही. कोणत्या तोंडानं करू?"

"मग चिठ्ठी," जोया म्हणाली. तिने लिहिली, मनवाने चिमटा दिला आणि आबांनी ती स्वतःच्या हाताने दोरीवर लावली. 'अक्का येणार नाहीत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ती चिठ्ठी उतरवली, घडी करून खाकी शर्टाच्या खिशात ठेवली आणि ते स्टँडकडे निघाले. माणूस दुखणाईतासारखा चालत होता. सोनगीरहून परत आले त्या संध्याकाळी पोरं पाचच्या आधीच ओट्यावर हजर होती, आणि मीही, चक्क जिना उतरून, त्यांच्यात बसले होते.

"तिनं पाणी दिलं," आबांनी सांगितलं. "बोलली नही. निघताना एकच इचारं. 'ती दुपारनी गाडी गयथी का?' मी म्हनलं, हो, गेली होती. टायमावर गयथी. मी खोटं बोलनू." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "मग ती आत निंघी गयी."

"येणार की नाही ते?" जोयाने विचारलं.

"ते काही बोलली नही."

"मग अजून ओलीच आहे," मनवा म्हणाली. चिठ्ठी परत दोरीवर गेली.

उन्हाने तिचा कागद पिवळा पडला. मी कपडे पुन्हा खाली वाळत घालायला लागले होते. एका दुपारी शाळेतून आले, तर दोरीपुढे एक ठेंगणी, काटक म्हातारी उभी. नऊवारी, हातात कापडी पिशवी. दोरीकडे टक लावून बघत होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी असावी म्हणून मी म्हटलं, "काही नाही द्यायचं आज."

"माले काही नही पाहिजे," ती म्हणाली. "हाई काय टांगेल शे?"

मनवा माझ्यामागून पुढे आली. "चिठ्ठी आहे. यात लिहिलंय, अक्का येणार नाहीत."

म्हातारी चिठ्ठीच्या आणखी जवळ सरकली. "यामा मनं नाव कोठे शे?"

माझ्या हातातली पर्स खाली पडली. मनवाने मात्र शांतपणे पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे. अक्का." म्हातारीने आपलं बोट त्या बोटाशेजारी नेलं, पण कागदाला लावलं नाही.

आबा दारात आले होते.

"मी रहावाले नही उनू," त्यांच्याकडे न बघता अक्का म्हणाल्या. "मनी पेटी लेवाले उनू."

राहायला नव्हे, पेटी न्यायला आल्या होत्या त्या. आबांनी मान हलवली, आत गेले आणि ती निळी पेटी ओढत ओट्यावर आणली. झाकण उघडलं. अक्कांनी आत पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांच्या लुगड्यांच्या जागी साप, पक्षी, हाडं, चंद्र. झाकणाच्या आतल्या बाजूला कोपऱ्यावरचा पिंपळ आणि त्यावरची वटवाघळं, पोरांनी रंगवलेली.

पेटी रिकामी करायची तर पुस्तकं काढायला हवीत. तोवर पोरं जमली. अक्का ओट्याच्या कडेला, निघायच्या बेताने बसल्या. एकेक पुस्तक बाहेर येत होतं. मनवाने वटवाघळाचं पुस्तक उचललं, छातीशी धरलं आणि थेट आबांच्या सुरात म्हणाली, "हे तुम्हाला नाही देणार अक्का. यात सगळं खरं आहे."

आबांनी डोळे मिटून घेतले. अक्कांनी हात पुढे केला.

"मंग माले तेच दाखाड," त्या म्हणाल्या.

त्या दुपारचं मी काय सांगू? पोरं वाचत होती, चित्रं दाखवत होती, ओल्या आणि वाळल्या चिठ्ठीचा नियम समजावत होती, आणि अक्का प्रत्येक वाक्याला एकच विचारत होत्या, "हाई कोनी पाह्यं?" पोरं धावत जाऊन वस्तू आणत होती. आबा भिंतीला टेकून उभे. पेटी अर्धी रिकामी झाली आणि तशीच राहिली.

ऊन उतरलं. आबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता थांबवतील, काहीतरी निमित्त काढतील. "सोनगीरकडची शेवटची गाडी सहाले शे," ते म्हणाले. "रद्द नही. येणार शे. मी बसवून देतो."

"माले माहीत शे," अक्का म्हणाल्या. "सकायलेच स्टँडवर एक पोरकडथीन पाटी वाचाडी लिधी."

पाटी एका पोराकडून वाचून घेतली होती, हे ऐकून आबांनी मान खाली घातली. तेवढ्यात जोया आणि मनवा कोपऱ्यात काहीतरी खरडून आल्या, दोरीवरची पिवळी चिठ्ठी काढली आणि त्याच चिमट्याला नवीन लावली. मी वाचलं. या पोरींना काही लाजलज्जा?

अक्का उठल्या. दोरीपाशी गेल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि मग त्यांचं बोट सरळ पहिल्या शब्दावर जाऊन टेकलं.

"हाई मनं नाव शे," त्या म्हणाल्या. "पुढे काय लिखेल शे?"

मनवाने वाचलं, "अक्का राहणार आहेत."

आबा धडपडत पुढे झाले. "काढ गं पोरी, काढ. तसं काही नही ठरेल."

अक्कांनी त्यांचा हात चिमट्यावरून बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि परत येऊन ओट्यावर बसल्या. "वाळू द्या आजून."